समजले का? : रुग्णाशी बोलण्याचा एक अभ्यास



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आरोग्याच्या क्षेत्रात गेली आहेत. कोणी ए.एन.एम. झाली, कोणी जी.एन.एम. करीत आहे, कोणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेतो, कोणी खाजगी दवाखान्यात कंपाउंडर आहे, तर कोणी आशा म्हणून घरोघर फिरते आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. या सर्वांना आम्ही या लेखात सोयीसाठी 'वैद्यकीय मदतनीस' असे म्हणणार आहोत.

आम्ही डॉक्टर नाही. पेशाने बँकेतील कारकून आहोत आणि कला शाखेचे पदवीधर. परंतु मंडळाच्या कामानिमित्त वस्तीतील रुग्णांबरोबर दवाखान्यात आणि इस्पितळात जाण्याचे, रांगेत उभे राहण्याचे आणि औषधाच्या खिडकीपाशी थांबण्याचे प्रसंग आम्हांवर वारंवार आले. तेथे एक गोष्ट ठळकपणे ध्यानी आली. इंजेक्शन कसे द्यावे, रक्तदाब कसा मोजावा, जखम कशी बांधावी, हे मदतनिसांना नीट शिकविलेले असते. रुग्णाशी बोलावे कसे, हे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असे गृहीत धरलेले दिसते. वास्तविक बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे. तो चुकला तर चांगले औषधही वाया जाते. हेच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी आम्ही क्षयरोग, म्हणजे टीबी, हा एकच आजार घेतला आहे. कारण त्यात शब्दांचे मोल चटकन कळते.

१. क्षयरोगाचेच उदाहरण का?

एके काळी क्षयाच्या रुग्णाला महिनोन् महिने सॅनेटोरियममध्ये ठेवीत. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच मुख्य उपचार मानला जाई. गोरगरिबाला ते कोठून परवडणार? पुढे परिणामकारक औषधे आली आणि 1956 साली मद्रास येथे एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधे दिली, तर काहींना गर्दीच्या वस्तीतील त्यांच्या स्वतःच्या घरी ठेवून तीच औषधे दिली. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारे रुग्णही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. क्षयरुग्णाला घरीच उपचार देण्याची पद्धत जगभर रूढ होण्यास या प्रयोगाचा मोठा हातभार लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रुग्ण सॅनेटोरियमच्या खाटेवर होता तेव्हा गोळी त्याच्या तोंडात जाते की नाही, हे परिचारिका पाहत होती. रुग्ण घरी राहू लागल्यावर ते काम त्याच्या स्वतःच्या समजुतीवर आले. म्हणजेच त्याला जे सांगितले जाते, त्यावर त्याचे बरे होणे अवलंबून राहू लागले.

दुसरे उदाहरण कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याचे. तेथील खेड्यांतील क्षयरुग्णांचा देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी केलेला अभ्यास 1963 साली प्रसिद्ध झाला. तोवर अनेक जाणकारांचा समज असा होता की, खेड्यातील माणसे अडाणी, त्यांना आजाराची जाणीव नसते, म्हणून ती दवाखान्यात येत नाहीत. अभ्यासात उलटेच दिसले. बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, कित्येकांना त्याची काळजीही वाटत होती आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना सामान्यतः खोकल्याचे औषध देऊन परत पाठविले जात होते. रुग्ण आला होता, खोकत होता. पण खोकला किती दिवसांचा, हे नेटाने विचारून पुढचा तपास करणारे कोणी नव्हते. आज दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, असा नियम आहे. तो नियम कामी येतो तो एका साध्या प्रश्नाने, 'खोकला कधीपासून आहे?' आणि हा प्रश्न पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी मदतनीसच विचारू शकतो.

तिसरे उदाहरण आम्ही जवळून पाहिलेले आहे. 2012 सालची गोष्ट. ओळखीतील एका बांधकाम मजुराला क्षय झाला. औषध सुरू झाले. पहिल्याच दिवशी त्याची लघवी तांबडी झाली. आतून रक्त जाते आहे, औषध उष्ण पडले आहे, असे त्याने मनाशी धरले. घाबरत घाबरत दोन महिने काढले. तेवढ्यात खोकला थांबला, ताप गेला, भूक लागू लागली. आता बरे झालो, मग हे रक्त जाळणारे औषध कशाला, असा विचार करून त्याने गोळ्या बंद केल्या आणि कामावर रुजू झाला. वर्षाच्या आत आजार परत आला, आणि या वेळी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. त्या काळी अशा क्षयाचा उपचार दीड-दोन वर्षे चाले आणि त्यात कित्येक महिने इंजेक्शने घ्यावी लागत. तो माणूस वाचला. पण काम गेले, ऐकू कमी येऊ लागले आणि मुलीचे शिक्षण मध्येच थांबले. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी तांबडी-नारिंगी होते आणि त्यात भिण्यासारखे काही नसते. हे एक वाक्य त्याला पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते, कारण विचारावे असे तेथे कोणी वाटले नाही.

२. विनयपिटकातील रुग्णसेवक

आपल्या परंपरेत याविषयी फार जुना विचार आहे. विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक कथा येते. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. ही कथा सांगताना आपण नेहमी पुढचा भाग सांगतो की, भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. परंतु पाणी आणण्याच्या आधी काय घडले ते पाहा. भगवंतांनी प्रथम त्याला काय आजार आहे ते विचारले. मग शुश्रूषेला कोणी आहे का, हे विचारले. आणि नसल्यास का नाही, हेही विचारले. सेवेचा आरंभ प्रश्नाने झाला आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तर ऐकून घेतले गेले.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि अपथ्य काय, हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला उमेद द्यावी. पाचांपैकी एक गुण सरळ बोलण्याचाच आहे.

तसेच ज्याची सेवा करणे अवघड जाते अशा रुग्णाची लक्षणेही तेथे दिली आहेत. त्यांतील एक असे की, आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे तो शुश्रूषकाला खरेखुरे सांगत नाही. अडीच हजार वर्षांनंतरही दवाखान्यातली अडचण तीच आहे. रुग्ण खरे सांगत नाही. मात्र त्याला खरे सांगावेसे वाटेल असे आपण वागतो का, हा प्रश्न मदतनिसाने स्वतःला विचारला पाहिजे.

३. पहिली हाक

रुग्ण बोलणार की गप्प बसणार, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरते. इस्पितळात आम्ही 'ए म्हातारे, इकडं ये', 'सात नंबर कुठं गेला?', 'तो टीबीवाला आला का?' अशा हाका ऐकल्या आहेत. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या अरे-तुरे ऐकले, त्याला या हाकेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशी हाक ऐकलेला माणूस पुढे सर्व प्रश्नांना 'हो' आणि 'नाही' एवढेच उत्तर देतो. म्हणून काही गोष्टी सवयीच्या कराव्यात.

(अ) केसपेपरवरील नाव वाचून नावाने हाक मारावी. वडीलधाऱ्यांना काका, मावशी, आजी, बाबा असे म्हणावे. तरुणांना दादा, ताई. वय कितीही असो, 'अहो'च म्हणावे.

(आ) स्वतःचे नाव आणि काम सांगावे. 'मी येथील परिचारिका आहे, तुमचे वजन घेऊन औषध समजावून सांगणार आहे.' समोरचा कोण आहे हेच न कळल्याने कित्येक रुग्ण बोलत नाहीत, किंवा डॉक्टर समजून भलतेच बोलतात.

(इ) शक्य असेल तर रुग्णाला बसवावे आणि आपणही बसावे. बोलताना कागदाकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे पाहावे. लिहायचे असेल तर 'जरा लिहून घेते' असे सांगून लिहावे.

(ई) आजाराचे नाव रांगेत मोठ्याने घेऊ नये. क्षयाचे नाव वस्तीत पोहोचले की कोणाची खोली जाते, कोणाची सोयरीक मोडते. क्षयरुग्णांची एचआयव्ही तपासणीही केली जाते. तिचा निकाल तर 2017 च्या कायद्यानुसार, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडता, रुग्णाच्या संमतीवाचून कोणालाही सांगता येत नाही. 'कोणालाही' यात सासू, नवरा, शेजारी आणि मदतनिसाची जिवलग मैत्रीणसुद्धा आली.

४. विचारावे कसे?

'गोळ्या घेता ना?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देण्यास फार धैर्य लागते. प्रश्नातच उत्तर दडलेले असते आणि रुग्ण ते आपल्याला परत देतो. त्याऐवजी असे विचारावे : 'काका, इतक्या गोळ्या रोज घेणं कोणालाही जड जातं. गेल्या आठवड्यात किती दिवस चुकल्या?' यात चुकणे हा गुन्हा नाही हे आधीच सांगितलेले आहे, त्यामुळे खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

'काय होतंय?' असे विचारून रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे, मध्येच तोडू नये. रुग्णाचे शब्द मदतनिसाला माहीत असले पाहिजेत. अंगात कणकण आहे, भोवळ येते, दम लागतो, हातापायाला मुंग्या येतात, अन्नावर वासना नाही, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. क्षयाच्या औषधांत या शब्दांना फारच महत्त्व आहे. हातापायाला मुंग्या येणे हा आयसोनियाझिडचा परिणाम असू शकतो. अंधुक दिसणे किंवा रंग ओळखू न येणे हा इथाम्ब्युटॉलचा असू शकतो. डोळे पिवळे होणे, सतत मळमळ व उलट्या होणे ही यकृतावर परिणाम झाल्याची खूण असू शकते. अशा वेळी रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे नेले पाहिजे. रुग्ण 'यकृत' म्हणणार नाही. तो म्हणेल, 'जेवण बघितलं की उमळून येतं.' ते ऐकण्याचे कान हवेत.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून पाळणा लांबविण्याच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला हे कळलेच पाहिजे. पण सासूच्या देखत 'गोळ्या घेता का?' असे विचारले तर सून काय सांगणार? 'वजन करायचं आहे, जरा आत या' असे म्हणून तिला एकटीला आत घ्यावे आणि मग विचारावे.

रुग्णाची भाषा वेगळी असेल तर लहान मुलाला दुभाषी करू नये. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरा आणि भिल्ली, गडचिरोलीत गोंडी बोलणारे रुग्ण येतात. तेथे त्या भाषेतील आशा किंवा कर्मचारी शोधावा. आईच्या पाळीविषयी किंवा बापाच्या दारूविषयीचे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विचारणे, हे मुलावरही अन्यायाचे आणि आईबापावरही.

५. सांगावे कसे?

आपली सरकारी मराठी आणि दवाखान्यातील इंग्रजी, दोन्हीही रुग्णाच्या कामाची नसतात. काही शब्द तर घात करतात.

क्षयाच्या तपासणीला 'थुंकी तपासणी' म्हणतात. रुग्णाच्या हातात डबी देऊन 'थुंकी आणा' म्हटले की तो तोंडातली लाळ थुंकून आणतो. लाळेत जंतू सापडण्याची शक्यता कमी. मग तपासणी चुकते आणि आजार असूनही नसल्याचा निकाल येण्याचा धोका राहतो. वास्तविक आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : बेडका. 'सकाळी उठल्यावर चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या, छातीतून जोरात खोका आणि बेडका या डबीत टाका. लाळ नको. घराबाहेर, मोकळ्या जागेत करा.' एवढे सांगायला अर्धे मिनिट लागत नाही.

'रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे' हे ऐकून आनंदाने घरी गेलेला माणूस आम्ही पाहिला आहे. पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, एवढे इंग्रजी त्याला येत होते. त्याऐवजी 'तपासणीत क्षयाचे जंतू सापडले आहेत. औषधाने ते मरतात आणि माणूस बरा होतो,' असे सांगावे.

'उपाशीपोटी या' म्हटले तर चहा चालतो असे पुष्कळांना वाटते. चहा म्हणजे काही खाणे नव्हे! म्हणून रक्तातील साखर तपासायची असेल तर 'रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत काही नको, चहासुद्धा नको, साधे पाणी चालेल' असे सांगावे.

वेळेचे मापही रुग्णाच्या दिवसातले हवे. रात्रपाळी करणाऱ्याची 'सकाळ' वेगळी असते. नाक्यावर कामासाठी उभा राहणारा मजूर सकाळी जेवत नाही. त्याचा दिवस कसा जातो हे आधी विचारावे आणि मग गोळीची वेळ त्याच्या सोयीने एका ठरलेल्या कामाशी बांधून द्यावी.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल अशी चार औषधे. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. 'सहा महिने' हा शब्द कानाआड होतो; दिवस मात्र लक्षात राहतात. 14 एप्रिलला, जयंतीला, सुरू केलेले औषध 14 ऑक्टोबरपर्यंत, धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत घ्यायचे, असे आपल्या वस्तीत सांगितले की कोणी विसरत नाही. दुसऱ्या वस्तीत पोळा, दिवाळी, ईद, नाताळ, जो ज्याचा सण असेल तो सांगावा.

सगळेच एकदम सांगू नये. पहिल्या दिवशी क्षयरुग्णाला चार गोष्टी कळल्या तरी पुष्कळ झाले. एक, हा आजार औषधाने बरा होतो. दोन, खोकला थांबला तरी जंतू शिल्लक असतात. औषध मध्ये सोडले तर आजार उलटतो आणि मग साध्या औषधांनी हटत नाही. तीन, लघवी तांबडी होईल, भिऊ नका. पण डोळे पिवळे झाले, अंधुक दिसले किंवा मुंग्या आल्या तर लगेच या. चार, कामासाठी दुसऱ्या गावी जावे लागले तर आधी येथे सांगा, तेथे औषध मिळण्याची व्यवस्था होते. घरातल्यांना मात्र आवर्जून सांगावे की, हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट-वाटी किंवा अंथरूण वेगळे करून काही साधत नाही. खोकताना तोंडावर रुमाल आणि खोलीची उघडी खिडकी, याने जास्त साधते.

आम्ही बँकेतले असल्याने एक गोष्ट पदरची जोडतो. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून खात्यात पैसे मिळतात. 2018 साली ही योजना सुरू झाली तेव्हा महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 करण्यात आले. परंतु खाते क्रमांक चुकीचा लिहिला गेला किंवा केवायसी अपुरी राहिली, तर पैसे अडकतात. 'पासबुक सोबत आणलंय का?' हे पहिल्याच आठवड्यात विचारणारा मदतनीस रुग्णाच्या ताटात अंडी-डाळ वाढत असतो.

६. 'समजले का?' हा प्रश्न पुरेसा नाही

या लेखातील मुख्य मुद्दा आता येतो. बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो. पेन्शन काढायला आलेल्या आजींना सगळे समजावून सांगितले आणि 'समजलं का?' असे विचारले की त्या मान हलवतात. मग भलत्याच खिडकीपुढे जाऊन उभ्या राहतात. मान हलविणे हे समजल्याचे लक्षण नव्हे. ते पुष्कळदा मर्यादेचे, संकोचाचे किंवा सुटका करून घेण्याचे लक्षण असते. 'समजलं का?' याऐवजी 'आजी, आता तुम्ही कुठल्या खिडकीवर जाणार?' असे विचारले की खरे काय ते कळते.

दवाखान्यातही असेच करावे. सांगून झाल्यावर रुग्णाकडून ते त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे. मात्र ती परीक्षा वाटू नये. जबाबदारी आपल्याकडे घ्यावी. उदाहरणादाखल एक संवाद देतो.

मदतनीस : काका, मी नीट सांगितलं की नाही, ते मला कळू द्या. उद्या गोळ्या कशा घेणार, मला सांगा बरं.

रुग्ण : हे काय, तीन गोळ्या आहेत रोजच्या. एक सकाळी, एक दुपारी, एक रात्री.

मदतनीस : बरं झालं विचारलं. माझंच सांगायचं राहिलं. तिन्ही गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या, वाटून नाही. तुम्ही कामावर कधी निघता?

रुग्ण : आठला.

मदतनीस : मग निघायच्या आधी, तिन्ही एकदम. आता परत सांगा बघू.

रुग्ण : आठच्या आधी. तिन्ही एकदम. आन् लघवी लाल झाली तर भ्यायचं नाही.

मदतनीस : आणि कधी यायचं पळत?

रुग्ण : डोळे पिवळे झाले, नाहीतर दिसंना झालं तर.

'समजलं का?' 'हो.' एवढ्यावर हा संवाद थांबला असता तर या काकांनी रोजची मात्रा तीन तुकड्यांत घेतली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता.

येथे कोणी विचारील की, बाहेर शंभर माणसांची रांग असताना एवढा वेळ कोठून आणावा? प्रश्न खरा आहे. कर्मचारी कमी आहेत, रांगा मोठ्या आहेत आणि त्यासाठी मागणी करीतच राहिले पाहिजे. परंतु वरील संवाद आम्ही घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिला. एक मिनिटही लागत नाही. आणि ज्याला पहिल्या दिवशी नीट कळले, तो तेच विचारायला पुन्हा रांगेत येत नाही. सर्वच रुग्णांना इतका वेळ देणे जमत नसेल तर निदान नवीन औषध सुरू होणाऱ्या रुग्णाला तरी द्यावा.

७. मदतनिसाची मर्यादा

चांगले बोलता येऊ लागले की एक मोह होतो. आपणच सल्ला द्यावा, निदान सांगावे, मात्रा बदलावी असे वाटू लागते. हे कटाक्षाने टाळावे. निदान आणि औषधातील बदल हे डॉक्टरांचे काम. 'मला काही होणार नाही ना?' असे रुग्णाने विचारले तर 'काही होत नाही हो' असे पोकळ आश्वासन देऊ नये. 'तुम्हांला भीती वाटते आहे हे मला दिसतंय. हा प्रश्न आपण डॉक्टरांना विचारू, मी थांबते तुमच्याजवळ,' हे उत्तर खरेही आहे आणि मायेचेही. जे ठाऊक नाही ते 'विचारून सांगतो' म्हणावे आणि खरोखरच विचारून सांगावे.

रुग्ण किंवा नातेवाईक चिडले तर आवाज चढवू नये. बहुतेक वेळा राग हा भीतीचा किंवा तासन् तास ताटकळण्याचा असतो. 'तुम्ही सकाळपासून थांबला आहात, हे खरं आहे. अजून साधारण इतका वेळ लागेल,' एवढे सांगितले तरी निम्मा राग उतरतो. काय चालले आहे हे कोणीच न सांगणे, हे माणसाला वाट पाहण्यापेक्षा जास्त बोचते.

आणि ज्याने औषध सोडले तो परत आला, तर त्याला फैलावर घेऊ नये. त्या दिवशी तो जो अपमान घेऊन जाईल, त्याने तो पुन्हा त्या पायऱ्या चढणार नाही. परत आला हेच मोठे. आधी 'बरं केलंत आलात' म्हणावे, मग का सोडले ते विचारावे.

८. सभासदांसाठी

रुग्ण म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे. जुने केसपेपर आणि औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. दारू, तंबाखू, मध्येच सोडलेले औषध, वैदूकडून घेतलेली पुडी, काहीही लपवू नये. कळले नाही तर 'पुन्हा एकदा सांगा' म्हणण्यात कमीपणा नाही. तो आपला हक्क आहे. निघण्यापूर्वी आपण होऊन म्हणावे, 'मला काय समजलं ते सांगतो, बरोबर आहे का बघा.' मदतनिसाने विचारले नाही तरी आपण सांगू शकतो. शिकलेल्या मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांबरोबर जावे. पण त्यांच्या वतीने सगळे आपणच बोलू नये. आजार त्यांचा आहे, सांगणेही त्यांनाच करू द्यावे.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या दवाखान्यातील एक सूचनाफलक वाचा. तो तुमच्या आजीला समजेल अशा मराठीत पुन्हा लिहा.

२. घरातील कोणाच्याही औषधाचे पाकीट घ्या आणि ते औषध ते कसे घेतात, हे त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे आहे का, ते पडताळा. फरक आढळल्यास त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

३. 'गोळ्या घेता ना?', 'पथ्य पाळता ना?', 'दारू सोडली ना?' हे तीन प्रश्न, खरे उत्तर मिळेल अशा रीतीने बदलून लिहा.

४. दोघांनी मिळून, एकाने रुग्ण व दुसऱ्याने मदतनीस होऊन, बेडक्याची तपासणी समजावून सांगण्याचा सराव करा. नंतर भूमिका बदला. रुग्ण झाल्यावर काय वाटले, ते मंडळाच्या पुढील अभ्यासवर्गात सांगा.